स्टेरॉइडच्या आधी एक स्लाइड : गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

गावोगावी, तालुक्या-तालुक्यांत दवाखाना चालवणाऱ्या माझ्या डॉक्टर सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस अशा तुम्हा सगळ्यांना आहे. तापलेलं मूल कडेवर घेऊन निघालेली आई पाटीवरची पदवी वाचून दवाखाना निवडत नाही. जो जवळ आहे, जो रात्री दार उघडतो, ज्याच्या औषधाने मागच्या वेळी गुण आला, त्याच्याकडे ती येते. त्यामुळे लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग शहरातल्या तज्ज्ञाला दिसतो तो फार नंतर. पहिल्यांदा तो तुमच्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसलेला असतो, आणि तेव्हा तो साध्या तापासारखाच दिसतो.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तालुक्याच्या गावी लॅब चालवते. मुलं मला फारशी भेटत नाहीत, त्यांचं रक्त भेटतं : जांभळ्या टोपणाची नळी आणि तिच्यातल्या थेंबाची ओढलेली स्लाइड. ज्या दिवशी त्या स्लाइडवर ब्लास्ट पेशी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातल्या अपक्व पेशी दिसतात, त्या दिवशी मी घरच्यांना बोलावून मागची सगळी कागदपत्रं मागून घेते आणि तारखेप्रमाणे लावून वाचते. हे पत्र त्या कागदांमुळे लिहिते आहे.

त्या कागदांचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. पहिला कागद तापाचा : पॅरासिटामॉल आणि अँटिबायोटिक. आठवड्याने दुसरा, दुसऱ्या दवाखान्याचा : विडाल पॉझिटिव्ह, म्हणून टायफॉइडचे उपचार, दोन दिवस सलाइन. मग एका कागदावर ‘रक्त कमी’ आणि लोहाचं सिरप. मग ‘पाय दुखतात’, म्हणून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. आणि मग कुठेतरी, कधी गोळीच्या तर कधी इंजेक्शनच्या रूपात, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. यातला कुठलाही कागद एकटा वाचला तर फारसा खटकत नाही. आपल्याकडे ताप आलेल्या मुलांमध्ये टायफॉइड असतोच, रक्त कमी असतंच. खटकतं ते सगळे कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर. ताप, फिकेपणा, हाडं दुखणं, अंगावरचे डाग ही एकाच आजाराची चार टोकं चार दवाखान्यांत विखुरलेली असतात. आई प्रत्येक ठिकाणी त्या दिवशीचं दुखणं सांगते आणि प्रत्येक डॉक्टर त्या दिवशीच्या दुखण्यावर औषध देतो.

माझं मागणं एकच आहे. ज्या मुलाचा ताप, फिकेपणा किंवा हाडांचं दुखणं दोन आठवड्यांत उलगडलं नाही, किंवा औषधाने गेलं आणि पुन्हा आलं, त्याचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा आणि त्याच नळीतल्या रक्ताची स्लाइड माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. आणि ती पाहिली जाईपर्यंत त्या मुलाला स्टेरॉइड देऊ नका. अंगावर डाग असतील, मूल झपाट्याने पांढरं पडत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका.

हा आजार तुमच्याकडे वारंवार येणार नाही, हे मला माहीत आहे. लाखभर मुलांमागे वर्षाला मोजकीच मुलं. वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरलाही तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा दिसेल. म्हणूनच तो मनात येत नाही. पण मुलांना होणाऱ्या सगळ्या कर्करोगांत सर्वांत जास्त आढळतो तो हाच. त्यातही चारांतल्या तीन मुलांना अक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल हा प्रकार असतो आणि त्याचा भर दोन ते पाच वर्षांच्या वयात असतो. अंगणवाडीत जाण्याचं वय. याच वयात मूल वर्षातून अनेकदा सर्दी-तापाने आजारी पडतं, धडपडतं, गुडघे फोडून घेतं. आजाराला लपायला इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

फिकेपणापासून सुरुवात करते, कारण इथेच सर्वांत जास्त वेळ जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही चित्र तसंच, जवळपास ६९ टक्के. म्हणजे तुमच्याकडे येणारी तीनांतली दोन मुलं आधीच फिकट असतात. अशा गर्दीत वेगळ्या कारणाने फिकट झालेलं मूल ओळखायचं कसं?

लोहाच्या कमतरतेचा फिकेपणा महिनोन्महिने हळूहळू येतो. शरीर त्याला सरावतं, सात हिमोग्लोबिनचं मूलही अंगणात पळत असतं. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, तो आठवड्यांत येतो आणि आईच्या लक्षात येतो. ‘डॉक्टर, महिन्यापूर्वी असा नव्हता हो’ हे वाक्य कानावर आलं तर ते केसपेपरवर लिहून घ्या. खालची पापणी ओढून पाहा, तळहात पाहा, आणि मग मुलाला झोपवून पोट नक्की तपासा. लोहाच्या साध्या कमतरतेत प्लीहा चांगली हाताला लागण्याइतकी वाढत नाही. ल्युकेमियाचं निदान होतं त्या वेळी निम्म्याहून जास्त मुलांचं यकृत किंवा प्लीहा वाढलेली असते. ओपीडीत पन्नास पेशंट बसलेले असताना मुलाला टेबलावर झोपवायला वेळ नसतो, हे मी जाणते. तरीही सांगते, या आजारात पोटावर ठेवलेला हात कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा लवकर काहीतरी सांगून जातो.

सीबीसीचा कागद हातात आला की हिमोग्लोबिनखाली एमसीव्हीचा आकडा असतो. लोहाची कमतरता असेल तर पेशी आकाराने लहान, म्हणजे एमसीव्ही कमी. हिमोग्लोबिन सहा आणि एमसीव्ही अगदी नॉर्मल, असा कागद असेल तर लोहाचं सिरप लिहून मोकळं होऊ नका. आणि लोह दिलं तर महिन्याने पुन्हा तपासा. निदान बरोबर असेल आणि औषध पोटात जात असेल, तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने तरी वर यायला हवं. आलं नाही तर टॉनिक बदलून काही साधणार नाही.

आता डेंग्यूकडे. पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे ‘पेशी कमी झाल्या’ हे घराघरातलं वाक्य होतं. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट सुरू होतं आणि रोज प्लेटलेटचा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो. या दिवसांत प्लेटलेट साठ हजार असलेलं मूल आलं की कोणीही डेंग्यूच म्हणेल, आणि दहांतल्या नऊ वेळा बरोबरच असेल. उरलेल्या एका मुलासाठी तीन गोष्टी पाहा. डेंग्यूत रक्तातला द्रव केशवाहिन्यांतून झिरपतो, रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतं. मग प्लेटलेट कमी आणि हिमोग्लोबिनही सहा-सात, हे दोन आकडे डेंग्यूत सहजासहजी एकत्र येत नाहीत. मोठा रक्तस्राव झालेला नसेल तर दुसरं कारण शोधायला हवं. दुसरं, डेंग्यूच्या प्लेटलेट आठ-दहा दिवसांत आपोआप वर येतात. डिस्चार्ज देताना ‘दहा दिवसांनी एक सीबीसी करून दाखवा’ एवढं लिहा आणि आईकडून ते कबूल करून घ्या. तिसरं, ताप उतरल्यावर मूल खेळायला लागलं का? डेंग्यूतून उठलेलं मूल थकलेलं असतं, पण दिवसागणिक सुधारतं. दोन आठवड्यांनीही ते आईच्या मांडीवरून उतरत नसेल तर निदानावर पुन्हा विचार करा.

अंगावरच्या डागांबद्दल आईवडिलांनीही वाचावं, कारण ते घरी आधी दिसतात. नडगीवर, गुडघ्यावर निळे डाग खेळणाऱ्या मुलाला असतातच. पाठ, पोट, छाती, कानामागे, मांडीच्या आतल्या बाजूला, लागल्याचं आठवत नसताना उठलेले डाग वेगळे. तसेच टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मोज्याच्या किंवा चड्डीच्या इलॅस्टिकखाली दाटीने आलेले. त्यांच्यावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून पाहावा. साधी पुरळ दाबली की फिकी होते, हे ठिपके जसेच्या तसे दिसत राहतात. हिरड्यांतून किंवा नाकातून येणारं रक्त लवकर थांबत नसेल तर त्याच दिवशी सीबीसी.

हाडांच्या दुखण्यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण स्टेरॉइड बऱ्याचदा याच वाटेने येतं. वाढत्या वयातलं पाय दुखणं आपण सगळे ओळखतो : संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पोटऱ्यांत, चोळून दिलं की बरं वाटतं, आणि सकाळी उठून मूल शाळेला पळतं. ल्युकेमियाचं दुखणं सकाळीही असतं. मूल लंगडतं, चालायचं नाकारतं, कडेवर घ्या म्हणतं. रात्री झोपेतून रडत उठतं. सांध्यावर सूज थोडी आणि रडणं फार, असं विजोड चित्र असतं. लहान मूल पाठ दुखते म्हणालं तर ते कधीच दप्तराच्या ओझ्यावर सोडून देऊ नये. मणके आतून ठिसूळ होऊन दबलेले असू शकतात.

अशा मुलाला सांधेदुखीचा, संधिवाताचा शिक्का बसतो. ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) वाढलेला असतो, त्यामुळे निदान पक्कं वाटतं. इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. खऱ्या संधिवातात शरीरात दाह असतो, त्यामुळे ईएसआरबरोबर प्लेटलेटही वाढतात, चार-पाच लाखांच्या पुढे जातात. ईएसआर नव्वद आणि प्लेटलेट मात्र दीड-पावणेदोन लाख, म्हणजे कागदावर ‘नॉर्मल’, तर तो नॉर्मल आकडा संशयास्पद आहे. विदर्भातल्या आणि आदिवासी पट्ट्यातल्या सहकाऱ्यांना सिकलसेलचं दुखणं रोजचं आहे. तिथे तर स्मिअरने, म्हणजे रक्ताची स्लाइड पाहून, दोन्ही प्रश्नांचा धागा एकदम हाती लागू शकतो.

मानेतल्या, काखेतल्या गाठींबद्दल एवढंच : गाठ दिसली की टीबी आणि लगेच औषधं सुरू, असं करू नका. गाठीतली सुई-तपासणी आणि सीबीसी आधी. बाकी काही खुणा क्वचित दिसतात, पण एकदा वाचलेल्या असाव्यात. सुजून दातांवर चढलेल्या हिरड्या, न दुखता मोठा झालेला वृषण, अचानक वाकडा झालेला चेहरा, सकाळची डोकेदुखी आणि उलट्या. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना ल्युकेमियाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. त्यांच्या बाबतीत संशयाचा उंबरठा खाली आणा.

आणि एक खूण अशी की जिला तास मोजावे लागतात. मूल उताणं झोपलं की गुदमरतं, बसलं की बरं वाटतं, चेहरा आणि मान सुजलेली, मानेच्या शिरा फुगलेल्या. छातीच्या मध्यभागी गाठ वाढून श्वासनलिका दाबली जात असते. हे दम्यासारखं ऐकू येतं, म्हणून स्टेरॉइड दिलं जातं. आधी कधीच दमा नसलेलं, जरा मोठं मूल पहिल्यांदाच घरघर घेऊन आलं आणि मानेत गाठी आहेत, तर आधी छातीचा एक्स-रे काढा. त्याला बळजबरीने आडवं करू नका आणि झोपेचं औषध देऊ नका.

आता स्टेरॉइड. मुळात हे औषध ल्युकेमियाच्या उपचारातलंच आहे, आणि अडचण तिथेच आहे. एएलएलच्या पेशी स्टेरॉइडने मरतात. पाच दिवस गोळ्या दिल्या की ताप उतरतो, गाठी बसतात, पाय दुखायचे थांबतात, मूल जेवायला मागतं. आई पेढे घेऊन येते. डॉक्टरला मनापासून वाटतं की गुण आला. पण बोन मॅरोच्या, म्हणजे हाडांतल्या मज्जेच्या कोपऱ्यांत पेशी शिल्लक असतात आणि काही आठवड्यांत त्या परततात. मधल्या काळात कोणी तपासणी केलीच तर चित्र अर्धवट पुसलेलं असतं : रक्तात ब्लास्ट नाहीत, मॅरोतही निदान पक्कं होत नाही.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. कर्करोगतज्ज्ञ उपचार किती तीव्र द्यायचे हे मुलाच्या सुरुवातीच्या स्थितीवरून ठरवतात. पांढऱ्या पेशी किती होत्या, मेंदूभोवतीच्या पाण्यात आजार होता का. अनेक उपचारपद्धतींत पहिला आठवडा मोजून प्रेडनिसोलोन देतात आणि आठव्या दिवशी रक्तातले ब्लास्ट मोजतात. एक मायक्रोलिटरमध्ये हजारापेक्षा कमी असतील तर प्रतिसाद चांगला. ज्या मुलाला आधीच कुठे कुठे स्टेरॉइड मिळालं आहे, त्याची ही मोजपट्टीच हरवलेली असते. मग सावधगिरी म्हणून त्याला जास्त जोखमीच्या गटात टाकून अधिक कडक औषधं द्यावी लागू शकतात. शिवाय पेशी एकदम मोठ्या संख्येने फुटल्या तर पोटॅशियम आणि युरिक ॲसिड चढतं, किडनी बंद पडू शकते. गावच्या दवाखान्यात, कोणाला कल्पनाही नसताना.

मी स्टेरॉइडच्या विरोधात नाही. दम्याचा पंप थांबवू नका, जीवघेणी ॲलर्जी किंवा दम्याचा तीव्र झटका असेल तर इंजेक्शन द्यायलाच हवं. मी बोलते आहे ती कारण न कळलेल्या तापासाठी, सांधेदुखीसाठी, गाठींसाठी आणि कमी झालेल्या प्लेटलेटसाठी दिलेल्या स्टेरॉइडबद्दल. आयटीपीमध्येही (यात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं), जिथे स्टेरॉइड हे खरंच औषध आहे, तिथेही आधी स्लाइड पाहावी. मूल एरवी ठणठणीत, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी व्यवस्थित, प्लीहा लागत नाही, स्लाइडवर वावगं काही नाही, तेव्हाच पुढचं पाऊल.

इथे माझ्याच व्यवसायातल्या लोकांशी बोलते. आपल्या छोट्या लॅबमध्ये यंत्र आहे, त्यात रक्त घातलं की मिनिटभरात छापील कागद येतो. पण ते यंत्र पेशी ओळखत नाही, आकारावरून त्यांची वाटणी करतं. ब्लास्ट पेशी ते लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट या नेहमीच्या पांढऱ्या पेशींच्या रकान्यात घालू शकतं. त्यामुळे ‘लिम्फोसाइट ८८ टक्के’ असा निरुपद्रवी दिसणारा कागद बाहेर पडतो, आणि लहान मुलांत लिम्फोसाइट एरवीही जास्त असतात म्हणून कोणी थबकत नाही. यंत्राने खूण करून दिलेला प्रत्येक रिपोर्ट, आणि मुलांच्या दोन प्रकारच्या पेशी कमी असलेला प्रत्येक रिपोर्ट स्लाइड पाहिल्याशिवाय देऊ नये. लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट रोज येत नसेल तर तंत्रज्ञाने स्लाइड ओढून, रंगवून ठेवावी आणि दुसऱ्या गावी पाठवावी. डॉक्टरांनो, तुम्ही फोन करून ‘स्मिअर कोणी पाहिला?’ एवढं विचारलंत तरी लॅबची सवय बदलते.

पांढऱ्या पेशी वाढलेल्या असल्या तरच ब्लड कॅन्सर, हा समजही सोडायला हवा. निदानाच्या वेळी जवळपास निम्म्या मुलांच्या पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आतच असतात, काहींच्या तर दोन हजार असतात. उलट, तिन्ही पेशी कमी असल्या म्हणजे ल्युकेमियाच, असंही नाही. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे भरपूर आहे आणि ती अगदी असाच कागद देते. शेवटचा निर्णय बोन मॅरो आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींचा नेमका प्रकार ओळखणारी तपासणी) यांचा. संशय आल्यावर मुलाला पुढे पाठवणं एवढंच काम आपल्या दोघांचं आहे.

पाठवताना काही गोष्टी पाळा. प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला कमरेत सुई देऊ नका, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. रक्त चढवण्यावाचून गत्यंतर नसेल तर आधी नमुना काढून ठेवा, मग पिशवी लावा. ताप आहे आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पाचशेच्या खाली आहेत, तर शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन मगच गाडीत बसवा. पांढऱ्या पेशी लाखाच्या पुढे असतील तर ‘सोमवारी जा’ म्हणू नका. आणि चिठ्ठीत आतापर्यंत दिलेली सगळी औषधं तारखांसह लिहा. स्टेरॉइड दिलं गेलं असेल तर नाव, मात्रा, दिवस स्पष्ट लिहा. त्यासाठी तुम्हाला दोष द्यायला तिकडे कोणी बसलेलं नाही. ती ओळ लपवली तर उपचार चुकीच्या पायावर उभे राहतात.

आईवडिलांना काय सांगायचं, हा प्रश्न तुम्ही मला नेहमी विचारता. ‘रक्तात काही पेशी वेगळ्या दिसताहेत, मोठ्या रुग्णालयात तपासणी लगेच व्हायला हवी, मी तिकडे फोन करतो’ एवढं पुरेसं आहे. ‘काही नाही, थोडं इन्फेक्शन आहे’ म्हणून पाठवलं तर ते लोक अर्ध्या वाटेवरून परत येतात. आणि ‘ब्लड कॅन्सर आहे, आता देवाच्या हातात’ असं म्हटलं तर काही जण निघतच नाहीत. ते खरंही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. औषधं बहुतांशी तीच आहेत. फरक पडतो उशिरा झालेल्या निदानाने, चुकलेल्या निदानाने आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांनी. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठेवलं. फरक पाडणाऱ्या त्या तीन कारणांपैकी पहिली दोन, उशिरा झालेलं आणि चुकलेलं निदान, बऱ्याच अंशी तुमच्या-माझ्या हातातली आहेत.

१९४८ मध्ये बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन ल्युकेमियाच्या मुलांमध्ये पहिल्यांदा तात्पुरता उतार मिळवला. ते औषध बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव. त्याचंच भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही एएलएलच्या जवळपास प्रत्येक मुलाला दिलं जातं. व्हिन्क्रिस्टिन हे दुसरं बिनीचं औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळालं. हे सांगताना एक काळजी घ्या : सदाफुलीच्या पानांचा रस मुलांना देणारे लोक आहेत. पानांत औषधी द्रव्य अत्यल्प असतं, सोबत बाकीची विषारी द्रव्यं असतात, आणि त्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. एएलएलचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात, त्यातला सुरुवातीचा काळ कठीण, नंतरचा बराचसा गोळ्यांचा. मूल शाळेत परत जातं.

पैशांचा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. परळचं टाटा स्मारक रुग्णालय सगळ्यांना माहीत आहे, पण नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या, एवढं त्या घाईत कोणीतरी सांगावं लागतं, तुम्हीच सांगा. मुंबईत उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना राहायला जागा देणाऱ्या संस्था आहेत, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात त्यांची माहिती मिळते. ‘मुंबईत राहणार कुठे’ या भीतीपोटी जमीन विकायची किंवा उपचार सोडायचे, असे निर्णय घरी परस्पर होतात. त्याआधी तुमचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचायला हवा.

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतं आहे, याचं वाईट वाटतं. हा आजार मुलींपेक्षा मुलग्यांना थोडा जास्त होतो हे खरं. पण भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत मुलगे आणि मुली यांच्या संख्येतलं अंतर त्याहून बरंच मोठं आहे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते मांडलं गेलं आहे. म्हणजे काही मुली घरातून निघतच नाहीत. तुम्ही पुढे पाठवलेली मुलगी पोचली का, हे आठ दिवसांनी फोन करून विचारा. आशाताईंना सांगा, त्या घरी जाऊन येतील. आणि सुनेच्या माहेरचं काहीतरी, नजर, पायगुण अशी चर्चा सुरू झाली असेल तर तुमच्या तोंडून एकदा ठणकावून यावं की हा आजार कोणाच्या वागण्याने होत नाही, लागत नाही, भावंडांना शेजारी झोपवायला हरकत नाही. घरात डॉक्टरच्या शब्दाला जे वजन असतं ते आईच्या शब्दाला मिळत नाही.

माझ्या लॅबपुरतं सांगते. बारा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाच्या नमुन्याच्या फॉर्मवर ‘स्मिअर पाहावा’ असं लिहून पाठवा, स्लाइड वाचण्याचे पैसे लागणार नाहीत आणि त्याच दिवशी, रविवार असला तरी, तुम्हाला फोन येईल. तुमच्या गावच्या पॅथॉलॉजिस्टकडेही हे मागा. बहुतेक जण हो म्हणतील. यंदाचा पावसाळा सुरू होण्याआधी तालुक्याच्या डॉक्टर संघटनेच्या बैठकीत तासभर मिळाला, तर मी मायक्रोस्कोप आणि स्लाइड घेऊन येईन. ब्लास्ट पेशी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, अशी माझी इच्छा आहे.

आपली स्नेहांकित,
तालुक्याच्या गावची एक पॅथॉलॉजिस्ट